नावावर न जाता आत बघणारी ‘फाइल’ कमांड: सविस्तर परीक्षण

डाउनलोड केलेली पीडीएफ उघडत नाही, रीडर ‘फाइल खराब आहे’ म्हणतो, पुन्हा डाउनलोड केली तरी तेच. अशा वेळी बरेच जण दुसरा पीडीएफ रीडर शोधायला लागतात. त्याआधी पाच सेकंदांचं एक काम करावं: टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून त्या पीडीएफवर ‘फाइल’ ही कमांड चालवावी. अनेकदा उत्तर येतं ‘एचटीएमएल डॉक्युमेंट’. म्हणजे साइटवरचं लॉगिन संपलेलं होतं, सर्व्हरने पीडीएफऐवजी ‘पुन्हा लॉगिन करा’ हे वेबपान पाठवलं आणि ब्राउझरने ते .पीडीएफ नावाने साठवलं. आता कुठलाही रीडर बसवला तरी उपयोग नाही. पुन्हा लॉगिन करून डाउनलोड करणं एवढाच इलाज.

इतक्या कमी कष्टात इतकं नेमकं निदान करणारी साधनं थोडी आहेत, म्हणून हे परीक्षण. कमांडचं नावच ‘फाइल’ असल्याने वाचताना थोडा गोंधळ होतो. इथे कमांडबद्दल बोलताना तसं स्पष्ट लिहिलं आहे.

ही कमांड जुनी आहे. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे १९७३ साली, ती होती. आज लिनक्स आणि मॅकओएसवर जी मिळते ती इयन डार्विन यांनी १९८०च्या दशकात नव्याने लिहिलेली मुक्त आवृत्ती. सध्या तिची देखभाल ख्रिस्तोस झूलास करतात. तिच्या पोटातली लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) लिबमॅजिक स्वतंत्रपणेही वापरता येते, त्यामुळे पायथन किंवा पीएचपीत प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ती नकळत वापरलेलीही असते.

एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलीच्या नावातला टिंबानंतरचा भाग, हे डब्यावर चिकटवलेलं लेबल आहे. हळदीच्या डब्यावर ‘साखर’ लिहिलं म्हणून हळद गोड होत नाही, तसं .पीएनजीचं .जेपीजी केल्याने चित्राचं स्वरूप बदलत नाही. विंडोज कुठला प्रोग्राम उघडायचा हे त्या लेबलावरून ठरवतं. ही पद्धत डॉसच्या आठ अधिक तीन अक्षरांच्या नावांपासून चालत आलेली आहे. फाइल कमांड लेबलाकडे ढुंकूनही बघत नाही, झाकण उघडते. आधी ती ऑपरेटिंग सिस्टिमला विचारते: हा फोल्डर आहे का, शॉर्टकट आहे का, रिकामी फाइल आहे का. मग सुरुवातीचे बाइट वाचून ‘मॅजिक’ यादीतल्या हजारो खुणांशी ताडून बघते. तिथे काही जुळलं नाही, तर हा मजकूर आहे का आणि कुठल्या एन्कोडिंगमधला (अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीतला), याचा अंदाज बांधते.

ही खूण किती विचार करून घडवलेली असू शकते हे पीएनजीत दिसतं. प्रत्येक पीएनजीचे पहिले आठ बाइट, सोळा-आधारी (हेक्स) आकड्यांत लिहिले तर, ठरलेले असतात: ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए. दुसरा, तिसरा, चौथा मिळून ‘पीएनजी’ ही अक्षरं झाली. पण पहिला ८९ मुद्दाम अ‍ॅस्कीच्या, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या ७-बिट संचाच्या, बाहेरचा घेतला आहे; फाइल ७-बिट मार्गाने गेली आणि वरचा बिट कापला गेला, तर पहिल्याच बाइटला ते उघड होतं. ०डी ०ए ही विंडोज पद्धतीची ओळ संपल्याची जोडी. एखाद्या प्रोग्रामने चित्राला मजकूर समजून ओळींचे शेवट ‘सुधारले’, तर ही जोडी मोडते. १ए म्हणजे कंट्रोल-झेड. डॉसमध्ये टाइप कमांडने चित्र स्क्रीनवर ओतलं तर इथेच थांबावं म्हणून. शेवटचा एकटा ०ए उलट दिशेचा बदल पकडतो. आठ बाइटांत तीन तऱ्हेची नासाडी ओळखायची सोय आहे. हे स्वतः बघायचं असेल तर एक्सएक्सडी ही बाइट दाखवणारी कमांड डॅश एल १६ लावून कुठल्याही पीएनजीवर चालवावी, पहिल्याच ओळीत सगळं दिसतं.

फाइल कमांडचं उत्तरही नुसतं ‘पीएनजी’ नसतं. ‘पीएनजी इमेज डेटा, १९२० एक्स १०८०, ८-बिट/कलर आरजीबीए, नॉन-इंटरलेस्ड’ असं पूर्ण वर्णन येतं. मोजमाप कळतं, पारदर्शकतेचा चॅनेल आहे हेही कळतं, आणि त्यासाठी चित्र उघडावं लागत नाही.

कमांडची खरी परीक्षा होते ती एकाच खुणेखाली मोठं कुटुंब राहतं तिथे. सगळ्यात मोठं कुटुंब झिपचं. ‘पीके’ ही अक्षरं, म्हणजे ५० ४बी ०३ ०४, ही झिपची खूण. झिप घडवणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरं. पण .डॉकएक्स, .एक्सएलएसएक्स, .पीपीटीएक्स, .ओडीटी, .ईपब, .जार, .एपीके हे सगळे आतून झिपच असतात. मग नुसत्या पहिल्या चार बाइटांवर काय सांगणार? ईपबच्या नियमानुसार झिपमधली पहिली फाइल ‘माइमटाइप’ नावाची आणि कॉम्प्रेस न करता ठेवलेली असावी लागते. झिपचं सुरुवातीचं हेडर ३० बाइटांचं असल्याने हे नाव बरोबर ३०व्या स्थानापासून (मोजणी शून्यापासून) लागतं आणि त्यालाच लागून ३८व्यापासून ‘अ‍ॅप्लिकेशन/ईपब+झिप’ हा मजकूर येतो. कमांड तिथेच बघते, म्हणून नियम पाळून बनवलेलं ईपब चुकत नाही. हाताने फोल्डर झिप करून .ईपब नाव दिलं की मात्र ‘झिप आर्काइव्ह डेटा’ एवढंच उत्तर येतं, आणि काटेकोर ई-बुक रीडरही असं पुस्तक नाकारू शकतात. इथे कमांडचं उत्तर हीच चूक कशी दुरुस्त करायची ते सांगणारी चिठ्ठी असते: माइमटाइप पहिली ठेवा, तिला कॉम्प्रेस करू नका.

ऑफिसच्या फाइलींमध्ये असा पक्का नियम नाही. झिपमधल्या पुढच्या नोंदींत ‘वर्ड/’, ‘एक्सएल/’ की ‘पीपीटी/’ लिहिलं आहे हे कमांड शोधते. वर्डमध्ये सेव्ह केलेली फाइल ती सहज ओळखते. एखाद्या वेबसेवेने वेगळ्या क्रमाने बांधलेली असेल तर ‘मायक्रोसॉफ्ट ओओएक्सएमएल’ किंवा नुसतं ‘झिप’ सांगून थांबते. हे उत्तर अपुरं आहे, चुकीचं नाही. अशा वेळी अनझिप डॅश एल चालवून यादी पाहिली की कोडं सुटतं.

जुन्या .डॉक, .एक्सएलएस, .पीपीटी आणि विंडोजच्या .एमएसआय इन्स्टॉलरचं कुटुंब वेगळं. त्यांची सुरुवात डी० सीएफ ११ ई० अशी, आणि उत्तर येतं ‘कंपोझिट डॉक्युमेंट फाइल व्ही२’. त्याच्या पुढे लेखकाचं नाव, शेवटचं सेव्ह कुणी केलं, केव्हा केलं, हेही छापलं जातं. दुसऱ्याला पाठवण्याआधी एकदा हे वाचून घ्यावं. आपल्या फाइलीबरोबर काय काय बाहेर जातंय याची जाणीव होते. याच कुटुंबातली अजून एक गोष्ट लोकांना चक्रावते. .डॉकएक्सला पासवर्ड लावला की ती झिप राहत नाही. वर्ड तिला कूटबद्ध करून या जुन्या डब्यात घालतं. त्यामुळे ‘सीडीएफव्ही२ एन्क्रिप्टेड’ असं उत्तर आलं, तर फाइल बिघडलेली समजून दुरुस्तीची साधनं चालवत बसू नये. पासवर्ड मागावा.

एक्सएलएसचा आणखी एक नेहमीचा प्रकार: पोर्टलवरून ‘एक्सेल’ म्हणून उतरवलेली फाइल उघडताना एक्सेल ‘फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नाही’ असा इशारा देतं. कमांड चालवली की कळतं, आत एचटीएमएलची तक्ता-खूण आहे किंवा टॅबने तोडलेला साधा मजकूर. एक्सेल ते उघडतं, पण हाच डेटा पुढे प्रोग्रामने वाचायचा असेल तर एक्सएलएस वाचणारी लायब्ररी तिथेच कोसळणार. आधी एक्सेलमध्ये उघडून खऱ्या .एक्सएलएसएक्समध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करावं.

चित्रं-व्हिडिओंत दोन सापळे आहेत. पहिला वेबपी: वेबवरून साठवलेलं चित्र नावाने .जेपीजी, आतून ‘रिफ डेटा, वेब/पी इमेज’. डब्ल्यूएव्ही, एव्हीआय आणि वेबपी तिघांची सुरुवात ‘रिफ’ने होते, फरक आठव्या स्थानापासूनच्या चार अक्षरांत असतो. दुसरा हेइक: फोनवरच्या फोटोचं एक्स्टेन्शन कुणीतरी हाताने .जेपीजी केलेलं असतं आणि अर्ज भरायची साइट तो नाकारते. कमांड सांगते ‘आयएसओ मीडिया, हेइफ इमेज’. एमपी४, एमओव्ही आणि हेइक हे एकाच बांध्याचे. चौथ्या स्थानापासून ‘एफटीवायपी’ आणि त्यापुढे ब्रँडची चार अक्षरं, त्यावरून कोण ते ठरतं. दोन्ही बाबतींत नाव बदलून काही होत नाही, चित्र खरोखर रूपांतरित करावं लागतं.

वापर सोपा आहे. कमांड, एक स्पेस, मग फाइलीचं नाव. एकाच वेळी पूर्ण फोल्डर तपासायचा तर नावाच्या जागी तारांकन. डॅश बी लावलं की नाव न छापता फक्त उत्तर मिळतं. डॅश डॅश माइम-टाइप लावलं की ‘इमेज/जेपीईजी’सारखं छोटं, प्रोग्रामला वाचता येईल असं उत्तर येतं. लिनक्सवर यासाठी छोटा आय वापरायची अनेकांना सवय आहे, पण मॅकवर तो मोठा आय आहे. दोन्हीकडे चालणारी स्क्रिप्ट लिहायची तर पूर्ण लांब पर्यायच वापरावा. डॅश झेडने कॉम्प्रेस केलेल्या फाइलीच्या आत काय आहे ते दिसतं. डॅश डॅश एक्स्टेन्शन हा पर्याय योग्य एक्स्टेन्शन सुचवतो, जेपीईजीसाठी ‘जेपीईजी/जेपीजी/जेपीई/जेएफआयएफ’ असे चारही. तो पुष्कळ प्रकारांना नुसती तीन प्रश्नचिन्हं देतो, हा उणेपणा आहे. नावं बदलायचं कामही तो करत नाही.

पेनड्राइव्ह खराब झाल्यावर विंडोजच्या चेकडिस्कने ‘फाउंड.०००’ फोल्डरमध्ये टाकलेल्या .सीएचके फाइली हे या कमांडसाठी आदर्श काम. नावं सगळी सारखी, एक्स्टेन्शन निरुपयोगी. एका कमांडमध्ये कुठली जेपीईजी, कुठली पीडीएफ हे समोर येतं. यात काहींचा आकार व्यवस्थित असूनही उत्तर ‘डेटा’ येतं. ‘डेटा’ म्हणजे ‘ओळखता आलं नाही’. तो शब्द दिसला की एक्सएक्सडीने आत बघावं. सगळी शून्यं असतील तर मजकूर गेला, आशा सोडावी. विस्कळीत बाइट असतील तर ती तुटलेल्या फाइलीचा मधला तुकडा असू शकते, किंवा कूटबद्ध. व्हेराक्रिप्टचा डबा मुद्दाम असाच, कुठलीही खूण नसलेला असतो.

आता दोष. सगळ्यात महत्त्वाचा हा की कमांड प्रकार सांगते, फाइल धड आहे याची हमी देत नाही. अर्धवट उतरलेल्या पीडीएफलाही ती ‘पीडीएफ डॉक्युमेंट, व्हर्जन १.७’ असंच म्हणणार, कारण सुरुवात शाबूत आहे. शेवट वेगळा तपासावा लागतो: पीडीएफच्या अखेरीस दोन टक्केचिन्हं आणि ‘ईओएफ’, जेपीईजीच्या अखेरीस एफएफ डी९, पीएनजीच्या अखेरीस ‘आयईएनडी’. झिप आणि त्याच्या सगळ्या कुटुंबासाठी अनझिप डॅश टी चालवावं. ती प्रत्येक नोंदीची तपासणी-संख्या (सीआरसी) पडताळून बघते. झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते, म्हणून अर्धवट उतरलेली डॉकएक्स वर्डमध्ये अजिबात उघडत नाही, तर अर्धवट जेपीईजी वरून निम्मी दिसते.

याच अनुक्रमणिकेमुळे दुसरा दोष. जेपीईजीच्या मागे झिप जोडली तर फाइल एकाच वेळी दोन्ही असते: चित्र बघणारा प्रोग्राम सुरुवात वाचतो, ७-झिप शेवट वाचतं. कमांड मात्र ‘जेपीईजी’ म्हणून मोकळी होते. डॅश केने ती पहिल्या जुळणीवर न थांबता पुढेही शोधते, तरी प्रत्येक जोडकाम सापडेलच असं नाही. म्हणून वेबसाइटवर लोकांकडून फोटो घेताना फक्त या कमांडवर विसंबू नये. चित्र उघडून नव्याने एन्कोड करावं, सर्व्हरवर नाव आपणच द्यावं, आणि त्या फोल्डरमधून काहीही चालणार नाही अशी व्यवस्था करावी.

एमपी३ हीही कच्ची बाजू. आयडी३ टॅग (गाण्याचं नाव, गायक वगैरे माहिती) असेल तर चटकन ओळख पटते. नसेल तर फ्रेमची एवढीशी खूण उरते आणि उत्तर कधी ‘डेटा’वर जातं.

मजकुराला तर खूणच नसते. पायथन, सीएसव्ही, जेसन, साधी टिपणं, सगळी अक्षरंच. इथे कमांड अंदाज करते आणि तो चुकतो. सी भाषेचा कोड ‘साधा मजकूर’ ठरतो, कधी साधा मजकूर एखादी प्रोग्रामिंग भाषा ठरतो. पण एन्कोडिंगबद्दलचं तिचं म्हणणं मोलाचं आहे. देवनागरी सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर अगम्य अक्षरांचा गाळ दिसतो, तेव्हा कमांड चालवावी. ‘यूटीएफ-८’ म्हटलं आणि ‘विथ बीओएम’ नसेल तर कारण मिळालं: सुरुवातीचे ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट नसल्याने एक्सेलने फाइल जुन्या कोडपेजमध्ये वाचली. एक्सेलच्या डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आणून यूटीएफ-८ निवडलं की अक्षरं जागेवर येतात. आणि मराठी मजकुराला ‘अ‍ॅस्की’ असं उत्तर आलं, तर तो युनिकोडमध्ये नाहीच. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार बसवलेले आहेत, आणि तो मजकूर कन्व्हर्टरमधून काढल्याशिवाय शोधता किंवा दुसऱ्या फॉन्टमध्ये वाचता येणार नाही. शेल स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून अडली, तर उत्तरात ‘सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स’ हे शब्द शोधावेत. विंडोजच्या एडिटरने ओळींचे शेवट बदललेले असतात. डॉस२युनिक्सने ते पूर्ववत होतात.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी एक इशारा. फाइल सापडली नाही तरीही ही कमांड ‘कॅनॉट ओपन’ हे वाक्य नेहमीच्या उत्तराच्या जागीच छापते आणि यशस्वी झाल्याचा शून्य कोड परत देते. तो कोड बघून पुढे जाणारी स्क्रिप्ट फसते. मोठं ई असलेला डॅश ई लावला की अशा चुकीवर ती अपयशाचा कोड देऊन थांबते.

सुरक्षेसाठीचा उपयोग खरा आहे आणि विंडोजवर तो जास्त जाणवतो. ओळखीची एक्स्टेन्शन्स लपवणं हे विंडोजचं मूळचं सेटिंग, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हे नाव ‘बिल.पीडीएफ’ दिसतं. मे २००० मध्ये पसरलेल्या आयलव्हयू वर्मची फाइल .टीएक्सटी.व्हीबीएस अशा दुहेरी शेपटीचीच होती. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू, मग शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिचकी मारून हे सेटिंग आजच बदलावं. तरीही शॉर्टकटचं .एलएनके लपलेलंच राहतं, आणि युनिकोडमधलं उजवीकडून डावीकडे लिहिण्याचं अदृश्य चिन्ह नावात घालून शेवटचं ‘ईएक्सई’ मध्ये सरकवता येतं. या युक्त्या नावावर चालतात. कमांड नाव वाचतच नाही. ‘एमझेड’ने सुरू होणारी फाइल तिला ‘पीई३२ एक्झिक्युटेबल’ म्हणूनच दिसते. बॅचसारख्या मजकुरी स्क्रिप्टबाबत हा विश्वास ठेवू नये, तिथे पुन्हा अंदाजच असतो.

विंडोजमध्ये ही कमांड मुळात येत नाही. गिट फॉर विंडोज बसवलं की गिट बॅशमध्ये ती मिळते, डब्ल्यूएसएलमध्येही (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालते. लिनक्सच्या नेहमीच्या वितरणांत आणि मॅकवर आधीच असते. डॉकरच्या (प्रोग्राम स्वतंत्र डब्यात चालवणाऱ्या साधनाच्या) छोट्या इमेजमध्ये नसते, तिथे ‘फाइल’ नावाचंच पॅकेज बसवावं.

पर्याय दोन सांगण्यासारखे आहेत. मार्को पोन्टेल्लो यांचं ट्रिड हे एका उत्तराऐवजी टक्केवारीसह अनेक शक्यता देतं, आणि डॅश एई लावल्यास फाइलींना सुचवलेलं एक्स्टेन्शन जोडूनही देतं. दुर्मिळ, एखाद्याच सॉफ्टवेअरच्या फॉरमॅटसाठी ते सरस. त्याची व्याख्यांची फाइल वेगळी उतरवून अद्ययावत ठेवावी लागते, आणि फुकट वापर वैयक्तिक कामापुरता आहे. दुसरं गूगलने फेब्रुवारी २०२४ मध्ये खुलं केलेलं मॅजिका. ते शिकवलेल्या मॉडेलवर चालतं आणि कोडच्या भाषा ओळखण्यात फाइल कमांडला मागे टाकतं. पायथनच्या पिपने बसवता येतं. दोन्ही ठेवावीत, पण पहिली हाक फाइल कमांडला द्यावी. ती तत्काळ उत्तर देते आणि जे सांगते ते कुठल्या बाइटवरून, हे आपल्याला पडताळता येतं.

तिच्या यादीत नसलेला प्रकार आपणही शिकवू शकतो, आणि हा तिचा सर्वांत आवडावा असा गुण आहे. साध्या मजकूर फाइलीत एक ओळ पुरते, चार रकान्यांची: कुठल्या स्थानापासून बघायचं, काय प्रकारचं मूल्य, कशाशी जुळायला हवं, आणि जुळल्यावर काय छापायचं. समजा एखाद्या मोजणी यंत्राच्या फाइली ‘एमआरटी१’ या अक्षरांनी सुरू होतात; तर पहिल्या रकान्यात शून्य, दुसऱ्यात ‘स्ट्रिंग’, तिसऱ्यात ती अक्षरं, चौथ्यात आपलं वर्णन. ओळ लिहून झाली की डॅश एम लावून ती मजकूर फाइल या कमांडला द्यायची. एवढं लक्षात ठेवावं की डॅश एम दिल्यावर मूळची यादी बाजूला पडते. दोन्ही हव्या असतील तर दोन्हींचे पत्ते कोलनने जोडून द्यावे लागतात.